कानातला बिल्ला आणि त्यामागची नोंद : जनावरांच्या टॅगिंगचे नियम, सोप्या भाषेत

गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे म्हणजे आपलं काम झालं, असं बहुतेक गोठ्यांत धरून चालतात. पुढे गाय विकायला काढली की कोणीतरी नंबर टाकून बघतं आणि मालक म्हणून दोन व्यवहारांपूर्वीच्या माणसाचं नाव निघतं. किंवा वीज पडून बैल जातो आणि पंचनाम्यात लिहिलेला नंबर संगणकावर भलत्याच म्हशीचा निघतो. बिल्ला खरा असतो, जनावरही खरं असतं, पण दोघांना जोडणारी नोंद चुकलेली असते. गावात टॅगची चर्चा बिल्ला मारण्यापाशीच थांबते. शेतकऱ्याचे पैसे अडतात ते मात्र नोंदीपाशी. म्हणून या लेखात नियमांइतकीच जागा नोंदीला दिली आहे.

बिल्ला म्हणजे नेमकं काय

पिवळ्या, लवचीक प्लास्टिकचे दोन भाग असतात. एकाला टोकदार दांडी असते, दुसऱ्याला ती अडकून बसेल असं भोक. दांडी कानातून आरपार जाऊन त्या भोकात बसली की पुन्हा निघत नाही, आणि काढायचीच झाली तर कापावी लागते. बिल्ल्यावर १२ अंकी नंबर आणि बारकोड असतो. हा नंबर सगळ्या देशात एकाच जनावराचा, म्हणून त्याला ‘पशू आधार’ असंही म्हणतात. गुजरातेतून आणलेल्या म्हशीच्या कानात असा बिल्ला असेल तर तो इथेही चालतो. तो काढून नवा मारण्याची काहीच गरज नाही.

नंबरामागची माहिती पूर्वी ‘इनाफ’ या संगणक प्रणालीत ठेवली जायची. ती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केली होती. आता तिच्या जागी ‘भारत पशुधन’ आली आहे. मालकाचं नाव, गाव, मोबाईल, जनावराची जात, लिंग, वय, कितवं वेत, गाभण की भाकड, कोणती लस कधी टोचली, कृत्रिम रेतन कधी झालं, आजारपणात काय उपचार झाले, हे सगळं त्या एका नंबराखाली नोंदवायची सोय आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवर माहिती बघायची तर ‘१९६२’ नावाचं ॲप आहे. हाच आकडा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावण्याच्या टोल-फ्री क्रमांकाचाही आहे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. बिल्ला आहे म्हणजे लस झाली आहे, असं नाही. बिल्ला ही ओळख आहे. लसीची नोंद वेगळी करावी लागते, आणि लस टोचूनही ती चढवायची राहून गेली तर कागदावर तुमचं जनावर बिनलसीचंच राहतं.

हे आलं कुठून

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ सालचा आहे. लस टोचलेल्या जनावराला खूण करणं आणि लसीकरणाचा दाखला देणं ही तरतूद त्यात तेव्हापासून आहे. मोठ्या प्रमाणावर बिल्ले मारायला सुरुवात झाली ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमामुळे. तो ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत जाहीर झाला. लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, या दोन रोगांसाठी त्यात पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद होती.

या दोन रोगांशी बिल्ल्याचा संबंध काय? लाळ्या खुरकुताच्या लसीची ताकद साधारण सहा महिने टिकते, म्हणून ती वर्षातून दोनदा टोचावी लागते. २०१९ च्या पशुगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी-रेडे होते. यातल्या कोणत्या जनावराला दुसरी मात्रा मिळाली आणि कोणाची राहिली, हे वहीत ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. ब्रुसेलोसिसचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ही लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, जन्मात एकदाच देतात. लस घेतलेल्या जनावराच्या रक्तात पुढेही रोगाविरुद्धची प्रतिपिंडं दिसू शकतात. चार वर्षांनी ती गाय गाभडली आणि रक्त तपासलं, तर ही खूण लसीची की रोगाची, असा प्रश्न पडतो. तिला कोणत्या महिन्यात लस झाली होती हे नंबराखाली लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना उत्तर शोधायला आधार मिळतो. नसेल तर चांगली गाय संशयात सापडते.

१ जून २०२४ नंतर काय बदललं

तोवर बिल्ला हा लसीकरणाच्या मोहिमेचा भाग होता. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाने १ जून २०२४ पासून तो बाकीच्या व्यवहारांनाही जोडला. टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, बाजार समित्यांच्या आणि आठवडी बाजारांत त्याला प्रवेश नाही, सरकारी दवाखान्यातून सेवा नाही, बैलगाडा शर्यतीत उतरवता येणार नाही. ग्रामपंचायतीने विक्रीचा दाखला देताना त्यावर टॅगचा नंबर लिहायचा. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यात जनावर दगावलं आणि कानात टॅग नसला, तर भरपाई नाही.

यातली भरपाईची बाब सगळ्यात जड आहे. आपत्तीत दुधाळ गाय किंवा म्हैस दगावली तर सरकारच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषाप्रमाणे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,००० आणि वासराला २०,००० रुपये मिळतात. बिबट्याने किंवा वाघाने गाय, बैल, म्हैस मारली तर वनविभागाकडून बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. हा दर ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाचा. दोन जनावरांवर घर चालणाऱ्याला ही रक्कम गेली तर पुढच्या हंगामाचं गणित कोलमडतं.

दुधाच्या अनुदानाने हा नियम सगळ्यात आधी गोठ्यापर्यंत नेला. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू झालं. पुढे त्याच वर्षी १ जुलैपासून पुन्हा ५ रुपये आणि १ ऑक्टोबरपासून ७ रुपये झालं. मुख्य अट अशी होती, शेतकऱ्याचं आधार, बँक खातं आणि गाईचा टॅग नंबर एकमेकांशी जुळला पाहिजे. दूध रोज घातलं, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) बसलं, तरी टॅगचा एक आकडा उलटसुलट भरला गेला की खात्यावर काही येत नसे. त्यात शेतकऱ्याची चूक नसायची आणि दुरुस्तीसाठी हेलपाटे मात्र त्यालाच घालावे लागायचे. नियमाचा हेतू योग्य आहे. तरीही आकडा चुकीचा चढवणाऱ्याने दुरुस्तीची जबाबदारी घ्यावी, एवढी साधी व्यवस्था अजून सगळीकडे नाही, आणि ती व्हायला हवी.

बिल्ला मारताना

टॅग पशुवैद्यकीय दवाखान्यातले कर्मचारी किंवा प्रशिक्षित सेवादाते मारतात. पक्कड त्यांच्या हातात असली तरी जनावर तुमचं आहे, म्हणून काय बरोबर आणि काय चूक हे उभं राहून बघता आलं पाहिजे.

जनावर निरोगी असताना, सकाळच्या थंड वेळी टॅग मारलेला चांगला. ताप असलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराला त्या दिवशी त्रास देऊ नये. भर पावसात माशा खूप असतात आणि जखम चिघळते, तेव्हा निवड तुमच्या हातात असेल तर हिवाळा गाठा. जनावर खोड्यात, म्हणजे त्याला जखडून धरणाऱ्या चौकटीत, घ्या. खोडा नसेल तर मोरकी आखूड करून डोकं खांबाला लावून धरा. डोकं सैल राहिलं तर ऐन दाबताना जनावर झटका देतं आणि दांडी तिरकी जाते. कान फाटायची सुरुवात तिथूनच होते.

कान उजेडाच्या दिशेने धरला की त्यातल्या शिरा दिसतात. कानाला लांबीच्या दिशेने कूर्चेच्या दोन उंच रेषा असतात, बोटाने सहज लागतात. या दोन रेषांच्या मधली, शिरा नसलेली जागा हवी, आणि लांबीच्या हिशेबाने कानाच्या मधला भाग. टोकाकडे मारला तर कान हलताना बिल्ला लोंबतो, तारेत किंवा गव्हाणीत अडकतो आणि कातडी फाडून जातो. बुडाकडे मारला तर तिथली कूर्चा जाड असते, सूज लवकर उतरत नाही आणि पू धरतो.

जागा स्पिरिटने किंवा आयोडीनने पुसायची, दांडीचं टोकही जंतुनाशकात बुडवायचं. एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना पक्कडही पुसलेली असावी. मग एका दमात दाबायचं. ‘कट’ असा आवाज आला की दांडी बसली. अर्धवट दाबून पुन्हा दाबणं वाईट, कारण भोक रुंद होतं. बसल्यावर बिल्ला बोटाने फिरवून बघा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि कान व बिल्ला यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. वासरांच्या बाबतीत ही फट महत्त्वाची. वासराचा कान पुढे जाड होतो, आणि घट्ट बसलेला बिल्ला कातडीत रुतत जातो.

पुढचे दोन आठवडे कानाकडे लक्ष ठेवा. पहिल्या दिवशी थोडं रक्त आलं तर घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान गरम लागला, खाली लोंबला, वास यायला लागला किंवा जनावर सारखं डोकं झटकू लागलं, तर जखम बिघडते आहे असं समजा. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवा, कोरडं करा, आयोडीनचं मलम लावा. कडेने कडुनिंबाचं किंवा करंजीचं तेल लावलं की माशी बसत नाही. शेण, राख किंवा जाड लेप यांनी भोक बुजवू नका, आत पू साठतो. अळ्या पडल्याच तर दवाखान्यात दाखवा. अळ्या काढून जखम साफ केल्याशिवाय वरचं औषध आत पोचत नाही. आणि बिल्ला ओढून काढायचा प्रयत्न करू नका. कान चिरतो, आणि पुढच्या वेळी बिल्ला मारायला धड जागाही उरत नाही.

बिल्ला मारल्यानंतरची दहा मिनिटं

कर्मचारी जायच्या आधी दोन फोटो काढा. एक फक्त बिल्ल्याचा, सगळे १२ अंक वाचता येतील असा. दुसरा पूर्ण जनावराचा, बिल्ला आणि तोंड दोन्ही दिसेल असा. बिल्ला चिखलाने माखला असेल तर ओल्या फडक्याने पुसा. चाकूने खरवडला तर बारकोड जातो. मग नोंद तिथेच करून घ्या आणि वाचून दाखवायला सांगा. नाव आधारकार्डाप्रमाणे आहे का, मोबाईल चालू आहे का, जात आणि वय बरोबर आहे का, हे तपासा. मोबाईलवर ओटीपी येतो, त्यामुळे मुंबईला असलेल्या मुलाचा किंवा बंद पडलेल्या सिमचा नंबर दिला असेल तर पुढची प्रत्येक नोंद अडते. ज्याच्या नावावर दूध घातलं जातं त्याच्याच नावावर गाय नोंदवा. गाय वडिलांच्या नावावर, दुधाचं खातं मुलाच्या आणि विमा सुनेच्या नावावर असला, तर घरात काही बिघडत नाही, पण कागद एकमेकांना ओळखत नाहीत.

एका वहीत प्रत्येक जनावराला एक पान ठेवा. नंबर, जन्म किंवा खरेदीची तारीख, रेतनाच्या तारखा, लसी. नेटवर्क नसलेल्या दिवशी हीच वही दवाखान्यात दाखवता येते.

विकताना, घेताना

बाजारात व्यवहार ठरला, पैसे दिले-घेतले, टेम्पो भरला आणि नोंद तशीच राहिली, हा सगळ्यात जास्त घडणारा प्रकार आहे. नोंदीत जुनाच मालक राहिला तर त्रास दोघांनाही होतो. घेणाऱ्याला अनुदान, विमा, भरपाई मिळताना अडचण येते. विकणाऱ्याच्या नावावर ते जनावर चालूच राहतं, आणि पुढे ते रस्त्यावर मोकाट सोडलेलं सापडलं तर विचारणा जुन्या मालकाकडे येते.

मालक बदलाची नोंद दवाखान्यातून होते. दोघांचे मोबाईल आणि आधार हाताशी ठेवा. बाजार रविवारी भरतो आणि दवाखाना बंद असतो, ही अडचण खरी आहे. अशा वेळी विक्री-पावतीवर १२ अंकी नंबर, दोघांची सही आणि विकणाऱ्याचा मोबाईल लिहून घ्या, आणि आठवड्याच्या आत नोंद उरका. परराज्यातून जनावर आणणाऱ्यांनी विकणाऱ्याचा मोबाईल नंबर घेतल्याशिवाय तिथून निघूच नये. ओटीपी त्याच्या मोबाईलवर गेला आणि तो माणूस सापडला नाही, तर महिनोन्‌महिने नोंद हलत नाही.

घेताना आधी कान बघा, मग कास. बिल्ल्यावरचा नंबर ॲपमध्ये टाका आणि समोर उभं असलेलं जनावर व स्क्रीनवरचं जनावर जुळतं का ते बघा. नोंद पाच वर्षांपूर्वीची आणि विकणारा म्हणतो ‘दुसऱ्या वेताची, चार दाती’, तर दातांवरून वय ताडता येतं, म्हणून तोंड उघडून दात स्वतः बघा. कानाची कड ताजी फाटलेली आणि बाजूला नवाकोरा बिल्ला असेल तर थांबून विचारा. कान खरंच तारेत फाटला असेल. चोरीच्या जनावराचा बिल्लाही असाच उपटलेला असतो. टॅग नसलेलं जनावर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. त्या स्वस्ताईचे पैसे नंतर दाखल्यासाठी आणि वाहतुकीत जातात. उलट बाजूने, टॅग नाही एवढ्यावर दलाल भाव पाडतात. विकायला काढायच्या महिनाभर आधी टॅग आणि लस उरकली की त्यांच्या हातातलं ते कारणच जातं.

बिल्ला पडला तर

तारेचं कुंपण, काटेरी झुडपं, जाळीची गव्हाण, दोन जनावरांची झोंबाझोंबी, यात बिल्ले पडतात. म्हशी एकमेकींच्या कानाशी घासतात, तिथेही पडतात. पडलेला तुकडा सापडला तर फेकू नका. दवाखान्यात जाऊन ‘टॅग बदल’ करून मागा, आणि जुना नंबर सांगा. प्रणालीत नवा नंबर जुन्याला जोडायची सोय आहे. घाईत कोणी नव्या जनावराची नोंद करून मोकळं झालं, तर एकाच गाईचे दोन नंबर होतात आणि जुन्या लसी, रेतनं, वेतं सगळं मागे राहतं. म्हणून फोटो काढून ठेवायचा.

विमा उतरवला असेल तर त्याच आठवड्यात विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याला हप्त्याच्या फक्त १५ टक्के भरावे लागतात, त्यामुळे विमा आता परवडतो. पण विम्यात नियम कडक आहे, टॅग नाही तर दावा नाही. पॉलिसीवरचा नंबर आणि कानातला नंबर यात एका अंकाचाही फरक चालत नाही. पॉलिसी हातात आली की त्याच दिवशी गोठ्यात जाऊन दोन्ही नंबर शेजारी धरून वाचा.

मेंढपाळांचे कळप वर्षातले आठ-आठ महिने फिरतीवर असतात, आणि ऊसतोडीला बैल घेऊन गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांच्यासाठी गावातल्या दवाखान्यावर अवलंबून असलेली ही सगळी पद्धत तोकडी पडते. कारखान्याच्या तळावर आणि मेंढ्यांच्या वाटेवर शिबिरं लावणं हाच त्यावर उपाय आहे. तोवर निघण्याआधी टॅग आणि लस उरकून घेणं आणि नंबरांची यादी सोबत ठेवणं एवढंच त्यांच्या हातात आहे.

जनावर दगावलं तर

आधी तलाठ्याला आणि दवाखान्यात कळवा. वन्यप्राण्याचा हल्ला असेल तर ४८ तासांच्या आत वनविभागाला, विमा असेल तर लगेच कंपनीला कळवा. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नका आणि कानातला बिल्ला काढू नका. बिल्ला दिसेल असा फोटो घ्या. शवविच्छेदनाचा अहवाल आणि पंचनामा यांवर नंबर सारखाच लिहिला आहे ना, हे सही करण्याआधी वाचा. दोन कागदांवर दोन नंबर असले तर प्रस्ताव परत येतो. विम्याच्या दाव्यासाठी बिल्ला जमा करावा लागतो, म्हणून शवविच्छेदनानंतर तो कानासकट कापून घेऊन जपून ठेवा. शेवटी दवाखान्यात सांगून तो नंबर प्रणालीत ‘मृत’ म्हणून बंद करून घ्या. तसं केलं नाही तर पुढच्या लसीकरणाच्या फेरीत मेलेल्या गाईचीही लस तुमच्या नावावर बाकी दिसत राहते.